चार माणसांचा श्वास

मेकॅनिक आला आणि काहीही न करता बसून राहिला. ही तक्रार घेऊन नवरा स्वयंपाकघरात आला, तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर कुठल्याशा ग्रंथाची मुद्रितं तपासत होती.

"अर्धा तास झाला," तो म्हणाला. "भिंतीला पाठ लावून बसलाय. डोळे मिटलेत. एसी बदलायला बोलावलाय की आराम करायला?"

"चहा देऊ का त्यांना?"

"विचारलं. म्हणाला, आत्ता नको, चहानं माणूस गरम होतो आणि हिशेब चुकतो."

ती हसली आणि पेन्सिल कानामागे खोचून पश्चिमेच्या खोलीकडे गेली.

त्या खोलीवर घरातल्या कुणाचाच तसा हक्क नव्हता. ती खोली बाईंची. बाई म्हणजे तिच्या सासूबाई. पण चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या त्या बाईंना सगळं गावच बाई म्हणत असे, आणि लग्न होऊन या घरात आल्यावर तिच्याही तोंडी दुसरं संबोधन बसलं नाही. खोलीत तीन भिंतींना पोलादी कपाटं होती. कपाटांत जाड पांढऱ्या कागदांवर शिवलेल्या, चिकटवलेल्या, वाळलेल्या तीन हजार एकशे अकरा वनस्पती झोपलेल्या होत्या. त्यांना बाई नुसतं शीट म्हणत. डोंगरउतारावरच्या, नदीच्या कोरड्या पात्रातल्या, रस्त्याच्या कडेला लोकांच्या पायांखाली येणाऱ्या वनस्पती. प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर नाव, स्थळ, दिवस, संग्राहक. बाईंचा हात थरथरू लागल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, नव्या चिठ्ठ्या तिच्या अक्षरात होत्या. मुद्रितशोधकाचं अक्षर, दाण्यासारखं सुटं, कुठेही न घसरणारं.

चौथ्या बाजूला पश्चिमेची खिडकी होती, आणि खिडकीशी लोखंडी मांडणीवर अडतीस कुंड्या. ही बाईंची जिवंत मंडळी.

महिन्यापूर्वी मोठ्या वनस्पतिसंग्रहालयातून संग्रहपाल आल्या होत्या. सगळा संग्रह त्यांच्याकडे जावा, ही बाईंची आयुष्यभराची इच्छा. शहात्तराव्या वर्षी तिला इच्छा म्हणणंही कमी होतं. खोलीत दोन माणसांनी उभं राहायची पंचाईत, म्हणून बाईंनी काही बासनं बैठकीत आणून ठेवली. संग्रहपाल भिंग लावून एकेक शीट पाहत गेल्या. सहा शीट त्यांनी बाजूला काढल्या आणि भिंग तिच्या हातात दिलं. पानांच्या शिरांवर राखाडी ठिपके होते, इतके लहान की मनातल्या शंकेनेच उमटवले असावेत असं वाटे.

"बुरशी आहे," संग्रहपाल म्हणाल्या. "आणि ती अजून वाढतेय. आमच्याकडे दोन लाख शीट आहेत, बाई. एक आजारी शीट मी त्या वस्तीत सोडू शकत नाही. पुढच्या महिन्याअखेरीस पुन्हा येते. खोली कोरडी झाली, वाढ थांबली, तर गाडी घेऊनच येईन. नाहीतर..."

  त्या संध्याकाळी बाईंनी चष्मा इतक्या वेळा पुसला की शेवटी तिने तो हातातून काढून घेतला.

आणि नेमका त्याच आठवड्यात खोलीतला जुना एसी कण्हू लागला. दोन टनांचा तो अजस्र यंत्रपुरुष नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी, पहिली बढती मिळाली तेव्हा मोठ्या हौसेने आणला होता. आता तो सुरू होताना दाराच्या काचा थरथरत. म्हणून हा मेकॅनिक. गावात त्याला डॉक्टर म्हणत, कारण तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर ठेवून मूठ कानाला लावी आणि आतलं दुखणं ऐके.

ती दारात आली तेव्हा डॉक्टर खरोखरच डोळे मिटून बसला होता. मांडीवर चौकटीच्या कागदाची वही, हातात घड्याळ. बाई समोर स्टुलावर बसून त्याच्याकडे परीक्षेच्या पर्यवेक्षकासारख्या पाहत होत्या.

"थांबला," डॉक्टर म्हणाला. भिंतीवरचा एसी धापा टाकून गप्प झाला होता. त्याने वहीत एक रेघ ओढली. "चार मिनिटं चालतो. अकरा मिनिटं गप्प बसतो. पाऊण तास बघतोय, फरक नाही."

"मग चांगलंच आहे की," मागून नवरा म्हणाला. "चार मिनिटांत खोली थंड करतो. ताकद आहे त्यात."

"ताकद जास्तच आहे, साहेब. तोच रोग आहे." डॉक्टर बाईंकडे वळला. "बाई, वर्गात एखादा फार हुशार मुलगा असतो बघा. पेपर हातात पडला की अर्ध्या तासात टाकून उठतो."

"आणि शेवटचा प्रश्न सोडून जातो," बाई म्हणाल्या.

"तोच. थंडी हा पहिला प्रश्न. ओलावा हा शेवटचा. आतली नळ्यांची जाळी चांगली गार झाली, की मग हवेतलं पाणी तिच्यावर बसतं, थेंब होतो, थेंब ओघळून नळीतून बाहेर जातो. याला वेळ लागतो. याचा थेंब धरतोय तोवर खोली थंड होते आणि हा बंद पडतो. जाळीवरचं बरंच पाणी तिथेच राहतं आणि पुन्हा हवेत. खोली गार आहे, पण गार आणि ओली. तळघरासारखी."

नवऱ्याचा चेहरा पडला. आपल्या पहिल्या बढतीने आईच्या कागदांना अकरा वर्षं दमट ठेवलं, हे कुणालाही गिळायला जडच गेलं असतं. "पण दुकानदार तर अडीच टनांचा घ्या म्हणतोय," तो पुटपुटला.

"त्याला खोली कुठे बघायचीय. त्याला मशीन बघायचंय." डॉक्टर उठला. आणि मग जे सुरू झालं ते पाहता पाहता तिच्या मनात हळूहळू एक वेगळीच शांतता पसरत गेली.

त्याने खोली मोजली. बारा फूट, चौदा फूट, उंची दहा. खिडकी किती, काच एकेरी की दुहेरी, वर छप्पर उघडं की मजला. मग पश्चिमेच्या भिंतीवर त्याने उपडा हात ठेवला, आई मुलाच्या कपाळावर ठेवते तसा.

"हात ठेवा," तो तिला म्हणाला.

भिंत कोमट होती.

"बाहेरून हात लावलात तर चटका बसेल. दुपारचं ऊन आत्ता या विटांच्या मध्यावर कुठेतरी आहे. चालत येतंय. आत पोचायला त्याला रात्रीचे आठ वाजतील. लोक म्हणतात, डॉक्टर, सूर्य मावळला तरी खोली तापते, मशीन बिघडलंय. मशीन बिघडलेलं नसतं. भिंत उशिरा बोलते, इतकंच."

तिने हात काढला नाही. इतकी वर्षं ती या भिंतीला टेकून बसली होती, आणि त्या विटांच्या आतून एक आख्खी दुपार पावलापावलाने आपल्याकडे येत असते, याचा तिला पत्ताही नव्हता.

"आणि हे टन टन म्हणतात ते काय असतं हो?" तिने विचारलं. "वजन?"

"बर्फाचं. एक टन बर्फ एका दिवसरात्रीत पूर्ण वितळताना जेवढी उष्णता गिळेल, तेवढी जे यंत्र गिळतं ते एक टनाचं. पूर्वी खोल्या बर्फानेच गार करत, तो शब्द राहिला."

तिने भिंतीवरच्या त्या पांढऱ्या खोक्याकडे पाहिलं. दोन टन बर्फ. दोन बैलगाड्याही कमी पडतील असा बर्फाचा डोंगर रोज या बारा बाय चौदाच्या खोलीत अदृश्यपणे आणून ओतला जात होता, आणि त्याच्या पायथ्याशी बाई स्वेटर घालून चिठ्ठ्या वाचत बसत होत्या.

डॉक्टर लिहीत होता. भिंती, छप्पर, काच, दोन दिवे. "माणसं?"

"मी दिवसभर," बाई म्हणाल्या. "ही सूनबाई दोनेक तास."

"बसलेला माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा समजायचा."

"माझे मेहुणे दीडशे भरतील," नवरा म्हणाला.

"खोलीत नसतील तर शून्य." त्याची नजर मांडणीवरून फिरली. "झाडं. झाडांचं काय, ती गारच असतात." त्याने लिहिलं: झाडं, शून्य. मग बेरीज करून वही त्यांच्यासमोर धरली. "एक टन. त्याच्यावर एक दाणा नको."

"एक?" नवरा आणि बाई एकदमच म्हणाले. बाईंच्या आवाजात भीती होती. "अरे, दोन टनांनी होत नाही ते एकानं कसं होईल? महिनाअखेरीस त्या यायच्यात. तुझी बेरीज चुकली तर माझे तीन हजार कागद गेले, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय, बाई. म्हणून तर आज मशीन सांगत नाही." त्याने एसीची बाहेर जाणारी पाण्याची नळी आत वळवली आणि तिचं तोंड एका झाकणाच्या कॅनमध्ये सोडलं. "तीन दिवस हे पाणी मोजा. सकाळी सात, संध्याकाळी सात. हे पाणी खोटं बोलत नाही."

मोजायचं काम अर्थातच तिच्याकडे आलं.

पहिल्या दिवसाचं पाणी मोजून तिने आकडा लिहिला आणि पुन्हा मोजलं. पाच लिटर दोनशे. दोन्ही हातांनी कॅन उचलून ती न्हाणीघरात नेत होती आणि तिच्या मनगटांना त्याचा भार जाणवत होता. हे हवेत होतं. काल संध्याकाळी ती ज्या हवेतून चालत जाऊन दिवा लावून आली, त्याच हवेत, तिच्या चेहऱ्याभोवती, वजनाशिवाय तरंगत होतं. आपण ज्याला रिकामी जागा म्हणतो ती किती भरलेली असते, या विचाराने ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच क्षणभर थांबली. आणि एवढं पाणी काढूनही बाईंच्या टेबलावरचा ओलाव्याचा काटा बहात्तरवरून हलत नव्हता.

चौथ्या दिवशी डॉक्टर परत आला आणि तिन्ही दिवसांचे आकडे त्याने दोनदा वाचले.

"दीड लिटर यायला हवं होतं," तो म्हणाला. "बंद खोली, दोन माणसं, त्यातलं एक थोडाच वेळ. पाच कुठून येतं? गळती आहे का बघितलं. नाही. न्हाणीघराची भिंत? लांब आहे." त्याने मान खाजवली. "बाई, या खोलीत अजून कुणीतरी श्वास घेतंय."

"किती जण?" तिने विचारलं, कारण त्याने ते इतक्या सरळपणे म्हटलं होतं.

"चार तरी. दिवसरात्र. बाहेर न जाता."

"घरात चार माणसं वाढली आणि मला कुणी सांगितलं नाही," नवरा म्हणाला. पण हसलं कुणीच नाही.

बाईंनी वही मागून घेतली. चष्मा सारखा करून त्या आकड्यांवरून खाली खाली येत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. त्या ओळीवर त्यांची नजर इतका वेळ राहिली की सूनही पुढे वाकली. झाडं, शून्य.

"सूनबाई," बाई हळूच म्हणाल्या, "एक प्लास्टिकची पिशवी आण. पारदर्शक. आणि दोरा."

मोठ्या पानांच्या एका कुंडीतली फांदी बाईंनी पिशवीत घेतली आणि तोंड दोऱ्याने बांधलं. बोटं थरथरत होती, तरी गाठ नेमकी बसली. असल्या गाठी त्यांनी आयुष्यात हजार बांधल्या असतील. मग त्या स्टुलावर बसल्या. डॉक्टर दाराशी उकिडवा बसला. नवऱ्याला कचेरीत जायचं होतं, तो गेला नाही.

दहा मिनिटांत पिशवीच्या आत धुकं धरलं. तिला वाटलं, कुणीतरी काचेजवळ तोंड नेऊन श्वास सोडला असावा. मग धुक्याचे दाणे झाले, दाणे एकमेकांकडे सरकले, आणि एक थेंब वाट काढत खालच्या कोपऱ्यात उतरला. त्याच्यामागे दुसरा. खोलीत आवाज नव्हता. पंप नव्हता, झडप नव्हती, कुणी बटण दाबलं नव्हतं. आणि कुंडीतल्या काळ्या मातीतून, केसाहून बारीक मुळांनी, देठातल्या दिसणारही नाहीत अशा नळ्यांनी पाणी वर चढत होतं आणि पानांच्या असंख्य मुखांतून बाहेर पडत होतं. अडतीस कुंड्या. ती मांडणीकडे पाहू लागली, आणि तिला पहिल्यांदाच ती मांडणी स्थिर दिसेना. ते हिरवं सगळं वाहत होतं. गेली कित्येक वर्षं, दिवसा, रात्री, सावकाश, वर वर वाहत होतं. ते पाणी हवेत जात होतं, हवा कपाटांच्या फटींतून आत शिरत होती, आणि तीस-तीस वर्षांची तहान घेऊन पडलेली वाळकी पानं ते पीत होती. जिवंतांनी मेलेल्यांना पाणी पाजावं, आणि त्याच पाण्याने त्यांच्या अंगावर राख धरावी.

"चौतीस वर्षं," बाई म्हणाल्या. "दर वर्षी नव्या वर्गाला ही पिशवी बांधायला लावली. पहिल्या बाकावरचं एखादं पोर विचारायचं, बाई, हे पाणी एरवी कुठे जातं? मी म्हणायचे, हवेत. सगळे वहीत लिहून घ्यायचे, हवेत. मग ती हवा कुठे जाते, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही." त्यांनी पिशवीचा कोपरा बोटाने वर उचलला, दोन-चार थेंब हलले. "पहाटे उठून रोज पाच-सहा लिटर घालते मी यांना. माझ्या हातानं. बशीत कधी थेंब उरत नाही. वाटायचं, काय गुणी आहेत, सगळं संपवतात."

डॉक्टर उठला. त्याने वहीतलं ते शून्य खोडलं. "तीस वर्षं या धंद्यात आहे," तो म्हणाला, "लोकांना सांगत आलो, खोलीत झाडं ठेवा, बरं असतं. चुकलं माझं."

"तुझं एकट्याचं नाही, आपल्या दोघांचं," बाई म्हणाल्या. "आता सांग. मशीन कुठलं?"

"झाडं बाहेर गेली तर एक टन, आणि मी जबाबदार. झाडं आत राहिली तर कुठलंच नाही."

"अडीच टन घेऊ ना," नवरा काकुळतीला आला. "लागू दे पाणी ओढायला. आईची झाडंही राहतील."

"साहेब, मोठं आणाल तर ते तीन मिनिटांत गार करून झोपी जाईल. यांना तर झोप नाही. ही श्वास घेतच राहणार."

बाईंनी मान हलवली. त्यांना समजून चुकलं होतं. पण त्यांचे डोळे मांडणीच्या सगळ्यात वरच्या, एसीच्या झोतासमोरच्या कोपऱ्याकडे वळले होते, आणि तिला ठाऊक होतं ते कशाकडे.

त्या कुंडीला घरात सगळे निळी म्हणत. निळं तिच्यात काहीच नव्हतं. वीतभर उंचीचं, राखी पानांचं, अगदी सामान्य दिसणारं रोप. पाच वर्षांपूर्वी एक शीट उलटताना चिकटवलेल्या कागदी पुडीतून पाच बिया टेबलावर सांडल्या होत्या. एकोणतीस वर्षं त्या पुडीत होत्या. ज्या उंच उतारावरून बाईंनी ते रोप आणलं होतं तो उतारच आता उरला नव्हता. दगडासाठी डोंगर अर्धा कापून नेला होता. बाईंनी गंमत म्हणून बिया पेरल्या. चार कुजल्या. पाचवीने एकोणतीस वर्षांनंतर डोळा उघडला. तेव्हापासून तिच्यासाठी खोली अठरावर असायची, कारण ती उंचावरची, थंडीची लेक. ती जगली, वाढली, पण फुलली नाही. चिठ्ठीवर फूल निळं असल्याची नोंद होती, म्हणून ती निळी.

"काचेच्या हंडीत ठेवू हिला," नवरा म्हणाला. "बंद करून."

"दोनदा ठेवून पाहिली. मूळ कुजायला लागतं." बाई उठल्या. त्यांनी स्वतःच वरची कुंडी उतरवली, आणि ती छातीशी धरून म्हणाल्या, "सगळ्यांना बाहेर काढा. हिच्यासकट. एकीसाठी अपवाद केला की मग सगळ्यांची तोंडं दिसतात."

दोन दिवसांत कुंड्या गॅलरीत गेल्या आणि एक टनाचा एसी भिंतीवर चढला. जुन्याच्या जागी तो इतका लहान दिसे की भोवतीचा जुना रंग चौकटीसारखा उघडा पडला होता. पहिल्या दिवशी नवरा दर दहा मिनिटांनी आत जाऊन हात वर धरी.

"गार होतच नाहीये."

"होतेय," डॉक्टर म्हणाला. "सव्वीसवर ठेवलंय, अठरावर नाही. घाई कशाला? त्याला शेवटच्या प्रश्नापर्यंत बसू द्या."

तो बसला. चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं, एका लयीत, मांजराच्या गुरगुरीसारखा. तिने काट्याचं टिपण ठेवलं. बहात्तर. अडुसष्ट. तिसऱ्या दिवशी त्रेसष्ट. भिंतीने, कागदाने, कपाटांतल्या पुठ्ठ्यांनी वर्षानुवर्षं साठवलेलं पाणी हळूहळू सोडलं, आणि नवव्या दिवशी काटा चोपन्नवर येऊन राहिला. त्या दुपारी तक्रारखोर नवरा त्याच खोलीत जमिनीवर चटई टाकून घोरत असलेला सापडला.

गॅलरीत मात्र निळी मान टाकत होती. तिच्याभोवती ओली फडकी बांधली, सावली केली. खालची पानं कागदासारखी झाली. आणि दहाव्या सकाळी बाईंनी सुनेला हाक मारली, आवाज न चढवता, वर्गात कुणी झोपलं असलं की मारत तशी.

शेंड्याच्या राखी पानांतून एक कळी वर आली होती.

"मरणार हे तिला कळलंय," बाई म्हणाल्या. "म्हणून घाई केली. पाच वर्षं लाड केले, तेव्हा गरज नव्हती."

फूल तिसऱ्या दिवशी उमललं. करंगळीच्या नखाएवढं. तिने निळा रंग आयुष्यात बराच पाहिला होता. पण हा निळा एकोणतीस वर्षं कागदी पुडीच्या काळोखात, एका बीच्या पोटात, कुणी मागितल्याशिवाय जपून ठेवलेला होता, आणि ज्या डोंगराचा तो होता तो डोंगर आता नव्हता. तिघं गॅलरीत उभी राहिली. 

"बी धरेल का?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"एकटीला नाही धरत. जोडीला दुसरं रोप लागतं." बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, दव ओसरलं की नाही याचा अंदाज घेतला. "सुरी आण. आणि टिपकागद. उद्यापर्यंत पाकळी गळेल."

"बाई, अजून जिवंत आहे ती."

"जिवंत असतानाच घ्यायचं असतं, अगं. मेल्यावर घेतलेल्यात काही उरत नाही." मग, जरा थांबून, "तूच काढ. माझा हात हलेल."

तिने सुरीने माती सैल करून रोप मुळासकट उचललं, माती धुतली, एक पान उलटं आणि बाकीची सुलटी मांडली, फूल असं ठेवलं की आतलं दिसावं. बाई प्रत्येक वेळी फक्त "हं" म्हणत होत्या. फळ्या आवळून प्रेस कोरड्या खोलीत ठेवला. पूर्वी या खोलीत टिपकागद आठवडाभर ओलेच राहायचे. आता सकाळी घातलेला कागद संध्याकाळी बदलताना तळहाताला कोरडा लागत होता. सहाव्या दिवशी रोप तयार झालं, आणि निळा रंग शाबूत होता.

"चिठ्ठी लिही," बाई म्हणाल्या आणि सांगू लागल्या. नाव. दिवस. स्थळापाशी आल्यावर त्या थांबल्या.

"तो उतार लिहू?" तिने विचारलं.

"तिथे नाही वाढली ही. खोटं कसं लिहायचं? लिही, पश्चिमेची खोली, वरचा मजला. तापमान अठरा. आर्द्रता बहात्तर. बी शीट क्रमांक सातशे चारच्या पुडीतलं."

तिने लिहिलं. शेवटची ओळ संग्राहकाची. तिथे बाईंचं नाव लिहायला तिचा हात सवयीने पुढे झाला, तसं बाईंनी दोन बोटं कागदावर ठेवली.

"उचललं कुणी, मांडलं कुणी, मोजलं कुणी? तिथे तुझं नाव येतं."

ठरल्या दिवशी संग्रहपाल आल्या, आणि या वेळी थेट खोलीत शिरल्या. त्यांनी पर्समधून स्वतःचा ओलाव्याचा मापक काढून टेबलावर ठेवला, पंधरा मिनिटं तसाच राहू दिला, आणि वाचला. मग कपाटं उघडली. एकेक शीट दोन कडांना धरून त्या कानाजवळ नेत आणि हलकेच हलवत. कागद खडखडीत वाजे. वाळल्या पानांचा तो सुका, बारीक, पावलांसारखा आवाज खोलीत कपाटामागून कपाट फिरत गेला, आणि बाई डोळे मिटून तो ऐकत राहिल्या. अख्खा दिवस लागला. ठिपके होते तिथेच थांबले होते. नऊ शीट संग्रहपालांनी वेगळ्या पाकिटात, वेगळ्या उपचारासाठी घेतल्या. उरलेल्यांसाठी त्यांनी खाली उभ्या असलेल्या गाडीच्या माणसांना फोन करून खोकी वर आणायला सांगितली.

सगळ्यात शेवटी त्यांच्या हातात ती नवी शीट आली. त्यांनी फूल पाहिलं, भिंग काढलं, पुन्हा पाहिलं. चिठ्ठी वाचता वाचता स्थळाच्या ओळीवर त्या थबकल्या.

"बाई, स्थळ असं लिहीत नाहीत."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण सापडली तिथेच."

संग्रहपालांनी खोलीभर नजर फिरवली. रिकामी कपाटं, पश्चिमेची भिंत, खिडकीशी मांडणीच्या पायांचे चार गंजके ठसे. त्यांनी पेन उघडलं, चिठ्ठीत कुठेही दुरुस्ती केली नाही, आणि शीटच्या माथ्यावर संग्रहालयाचा क्रमांक सावकाश लिहायला घेतला.